पाझर तलाव हिरवा, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आणि गावात म्हणे जैवविविधता समिती आहे. पुढं काय?

माणदेशी
मंडळी, लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावच्या पट्ट्यात. नाव देत नाही, तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि इथं पण दोनचार जण निघतील. आमच्या ओढ्यावर एक पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन लोकांनी बांधलेला. त्याला कालवा-बिलवा काही नाही, पाणी अडवायचं आणि खाली मुरवायचं एवढंच काम. आणि बरोबर त्याच्या खालच्या अंगाला नळपाणी योजनेची विहीर. डोकं लावूनच जागा धरलेली, तलाव मुरतो आणि विहीर उन्हाळा काढते.

लोचा असा की गावठाण तलावाच्या वरच्या बाजूला. आधी पाणी टँकरचं, बायका हंडे मोजून वापरायच्या, सांडायला होतंच काय. जलजीवनमधून घरोघर नळ आला, चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणशी ५५ लिटर आत येणार तर ते बाहेर कुठं जाणार हा विचार कुणी केला नाही. सिमेंटची गटारं झाली आणि सगळ्या गटारांचं तोंड ओढ्याकडं. ओढ्यातनं तलावात, तलावातनं मुरून विहिरीत, विहिरीतनं टाकीत आणि टाकीतनं परत आमच्याच नळाला.

आता फेब्रुवारी लागला की तलाव ऑइल पेंट ओतल्यासारखा हिरवा होतो. यंदा एक दिवस आभाळ भरून आलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चिलापी आणि कटला पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले. मासेमारीचा ठेकेदार म्हणतो कुणीतरी औषध टाकलं. जलसुरक्षकानं विहिरीच्या पाण्याची जंतू तपासायची ती छोटी एचटूएसची बाटली भरून ग्रामपंचायतीच्या टेबलावर शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवली, दुसऱ्या दिवशी पार काळीकुट्ट. लॅबचा कागद आला त्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर, लाल रेघ मारून.

हे सगळं ग्रामसभेत चाललेलं तेव्हा एका पोरानं भिंतीवरचा बोर्ड वाचून दाखवला, जैवविविधता व्यवस्थापन समिती, खाली सात नावं. त्यातले दोघं वारलेत, एक पुण्याला असतो आणि चौथ्या काकू तिथंच बसलेल्या, त्या म्हणाल्या मी? कधी? मग हशा वगैरे झाला आणि रिकाम्या जागेवर मला घुसवलं. तर प्रश्न असा की ह्या समितीला खरोखर काही करता येतं का, आणि सुरुवात कुठनं करू?

फाटकीनोट
हाहाहा चौथ्या काकू. दादा तुमचंच गाव नाही, अख्ख्या देशात हेच आहे. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेनं अशी समिती करायचीच होती, कुणी केली नाही. मग हरित लवादानं २०१९ मध्ये दम दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या (गावातली झाडं, प्राणी, पाणी ह्यांची यादी) पूर्ण करा, नाहीतर राज्यांनी महिन्याला दहा लाख भरा. झालं, ग्रामसेवकांना वरनं फोन आणि रातोरात समित्या. जी नावं तोंडात आली ती लिहिली. त्यामुळं समितीकडनं फार अपेक्षा ठेवू नका. दंड करायचा अधिकार तिला नाही, तो प्रदूषण मंडळाकडं, तलाव झेडपीच्या लघु पाटबंधारेचा, मासे ठेकेदाराचे, विहीर ग्रामपंचायतीची. तुमच्याकडं काय, तर वही.

झाडीपट्टी
फाटकीनोट, वहीला हसू नका जी. आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव म्हणजे मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले तलाव हजारोंनी आहेत, मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मग पाळ म्हणजे बांध कोण बघणार, सांडवा कोण दुरुस्त करणार, सगळं बेवारस. बेशरमाची झुडपं माजली, गाळ भरला, मरळ मासा दिसेनासा झाला. काही गावांत ढिवर म्हणजे मासेमार लोकांनी, त्यातही बायकांनी, आधी काय काय होतं आणि आता काय उरलं ह्याची यादी केली. कोणती पाणवनस्पती कुठे होती, कोणता मासा त्यात अंडी घालतो, कोणता पक्षी कधी येतो. मग बेशरम मुळासकट काढली आणि पावसाच्या तोंडावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया असली आपलीच झाडं परत लावली. ती यादी नसती तर कंत्राटदाराने जेसीबी लावून तळ खरवडला असता आणि वरून पेव्हिंग ब्लॉक. लोक जैवविविधता नोंदवहीत तलावाचं पान नीट लिहा, ते सरकारी कागद असतं, उद्या कोणी काही बांधायला आलं तर तेच दाखवता येतं.

दगडमुरूम
मी भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त आहे, त्यामुळं जरा रटाळ बोलतो, सांभाळून घ्या.

माणदेशी, तुमच्या धाग्यात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत आणि गावोगाव हाच घोळ असतो. काळी बाटली म्हणजे जंतू, म्हणजे कुठंतरी मैला किंवा शेण विहिरीपर्यंत पोचतंय. नायट्रेट ही वेगळी गोष्ट. क्लोरिननं जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, आणि उकळलं तर पाणी आटून उलट वाढतं. त्यामुळं "उकळून प्या" हा सल्ला नायट्रेटच्या बाबतीत चुकीचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध ह्या पाण्यात कालवून देऊ नका, हे आजच्या आज आशाताईंकडून घरोघर सांगा, बाकी चर्चा नंतर. बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन वाहून न्यायचा गुण त्यानं जातो, अंग निळं पडतं.

आता तलाव. तुम्ही गृहीत धरलंय की नायट्रेट तलावातून आलं. असेलही, पण हिरव्यागार तलावात कित्येकदा नायट्रेट कमीच सापडतं कारण शेवाळानं ते खाऊन टाकलेलं असतं, आणि तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो तिथले जीवाणू आणखी थोडं हवेत सोडून देतात. मग विहिरीत कुठून आलं? माझा संशय संडासांच्या खड्ड्यांवर. आपल्याकडं वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळ खडक, मग काळा पाषाण. माती जाड असली तर पाणी गाळून जातं. मुरूम आणि भेगांत गाळणं होत नाही, पाणी सरळ निघून जातं. आणि लोक काय करतात, दोन उथळ खड्ड्यांऐवजी एकच खोल खड्डा मारतात, पार मुरमात, तळ उघडा, की "वीस वर्षं उपसायला नको". उपसायला नाही लागत कारण सगळं विहिरीकडं जातं ना.

खड्डा सव्वा मीटरपेक्षा फार खोल नको, पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर, आणि आपल्या भेगाळ खडकात तेवढं पण कमीच समजा.

मासे मेले त्यात औषधाचा संशय सहसा फुकटचा असतो. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन ओढतं. आभाळ आलं की दिवसाची कमाई बुडते आणि पहाटे पाण्यात काही उरत नाही. ठेकेदाराला विचारा, पहाटे मासे तोंड वर काढून भकाभका करत होते का. हो म्हणाला तर विष नाही, गुदमरलेत.

सिंहगडरोड
+१ जंतूंबद्दल. जानेवारी २०२५ ला पुण्यात आमच्या भागात जीबीएसची (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) साथ आली ते आठवत असेल, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. एनआयव्हीच्या म्हणजे विषाणू संस्थेच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि बोट गेलं सार्वजनिक विहिरीच्या पाण्याकडं. गेल्या काही वर्षांत महापालिकेत घेतलेली गावं, टॅक्स शहराचा आणि पाणी विहिरीचं. त्याआधी "विहिरीचं पाणी गोड असतं" म्हणून बाटल्या भरून नेणारे लोक मी स्वतः बघितलेत. नंतर टँकरवाल्यांची चांदी झाली तो वेगळा धागा.

रंकाळावाला
आमचा रंकाळा बघा आणि शहाणे व्हा. कोल्हापूरकरांचा जीव की प्राण, भेळ खायला सगळं गाव तिथं, आणि वरच्या वसाहतींचे नाले मात्र त्यातच. जलपर्णी झाली, काढली, परत झाली. निळं-हिरवं शेवाळ झालं, त्याचा वास शालिनी पॅलेसपर्यंत. दरवेळी पैसे कशाला आले, तर लाइट, कठडे, रेलिंग, बसायला बाकडी. नाले वळवायचं काम पाइपलाइनचं, ते जमिनीखाली असतं, त्याचं उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही. गणपतींच्या बाबतीत मात्र लोकांनी ऐकलं, शेजारच्या इराणी खणीत विसर्जन सुरू झालं आणि तलावाचा तेवढा ताण तरी गेला. म्हणून सांगतो, तुमच्या गावात "सुशोभीकरण" हा शब्द कुणी काढला तर समितीनं तिथंच आडवं पडायचं.

माणदेशी
रंकाळावाला, हसू का रडू. आमच्याकडं ऑलरेडी प्रस्ताव गेलाय, तलावाच्या भिंतीवर पेव्हिंग ब्लॉक, सोलर दिवे आणि मधोमध कारंजं!! शिवाय एक माणूस येऊन गेला, पावडरची पाकिटं घेऊन, म्हणे महिन्यात पाणी काचेसारखं करतो, जीवाणूंचं कल्चर.

दगडमुरूम
वरून रोज घाण येतेय तोवर कसलंही कल्चर टाका, पैसे पाण्यात. कारंज्यानं थोडा ऑक्सिजन वाढेल, मासे कदाचित वाचतील, पण फॉस्फरस आणि नायट्रोजन आहे तिथंच. आधी येणारं पाणी.

बॉस्टनची_बाय
मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, इथं प्रत्येक गावाला कॉन्झर्वेशन कमिशन असतं, कायदा १९५७ चा, सभासद गावातलेच, बिनपगारी. गंमत म्हणजे ह्यांच्या हातात खरंच दांडकं आहे. तळ्याच्या किंवा पाणथळ जागेच्या १०० फुटांच्या आत कुणाला डेक बांधायचं असू दे की झाडं काढायची असू दे, अर्ज करायचा, शेजाऱ्यांना रजिस्टर पत्रं पाठवायची, सुनावणीला उभं राहायचं. आमच्या शेजाऱ्यानं लॉन वाढवलं तळ्याकडं तर त्याला परत झुडपं लावायला लावली. सुनावणी म्हणजे संध्याकाळी सातला टाउन हॉलमध्ये, लोक पोटतिडकीनं भांडतात, अगदी आपल्या ग्रामसभेसारखं फक्त आवाज खाली.

पण भारावून जाऊ नका. केप कॉडला अख्ख्या भागाचं पिण्याचं पाणी जमिनीखालच्या वाळूतलं, आणि बहुतेक घरांना सेप्टिक टँक. तिथली तळी म्हणजे भूजलच उघड्यावर आलेलं, त्यामुळं टाक्यांमधला नायट्रोजन आणि फॉस्फरस हळूहळू तळ्यांत आणि खाड्यांत. उन्हाळ्यात पाटी लागते, कुत्र्याला पाण्यात सोडू नका, सायनोबॅक्टेरिया म्हणजे तेच निळं-हिरवं शेवाळ आहे. २०२३ मध्ये राज्यानं नियम कडक केले की एकतर गावानं ड्रेनेजचा आराखडा करा नाहीतर घरमालकांनी टाक्या बदला, तर केवढी बोंबाबोंब, कारण खर्च हजारो डॉलर. म्हणजे एवढे अधिकार, एवढा पैसा असून कमिशन तळ्याच्या काठावर राज्य करतं आणि घाण मागच्या दारानं जमिनीखालून येते. दगडमुरूम काका म्हणतात तेच.

शेतकरी_पुत्र
झालं का सगळ्यांचं? आता युरियावर या म्हणजे शेतकऱ्याला फाशी द्यायला मोकळे. गटार गावाचं, संडास गावाचे, आणि शेवटी "रासायनिक खतांचा अतिवापर" असं लिहून अहवाल बंद. सवयच आहे.

दगडमुरूम
पुत्रा, तुझा राग बरोबर आहे आणि युरिया पण आहेच. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या साधारण ३५ टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर होतं, ते एकट्या संडासांचं नाही. पण कुणाचं किती हे ओरडून नाही, नमुने घेऊन कळतं. गावठाणाच्या वर, नुसत्या शेतातली एक विहीर घ्या. गावठाणातला एक हातपंप किंवा आड घ्या. तलावाचं पाणी घ्या. योजनेची विहीर घ्या. सगळीकडं नायट्रेट, क्लोराइड आणि जंतू तिन्ही तपासा. शेतातल्या विहिरीत नायट्रेट आहे पण जंतू नाहीत तर खताकडं बघा. गावठाणात नायट्रेट, क्लोराइड, जंतू तिन्ही चढलेत तर खड्ड्यांकडं. अगदी कोर्टात टिकेल असा पुरावा नाही हा, पण ग्रामसभेत टिकतो. एकदा मे मध्ये आणि एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरला करा, एका नमुन्यावर काही बोलू नका.

सुगरणखोपा
सांडपाण्याचं मी सांगते, माहेर नांदेडकडचं. तिकडे हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे केले आणि गटारं बंदच करून टाकली, डास गेले म्हणून ते नांदेड पॅटर्न म्हणून गाजलं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी आधी छोट्या टाकीत, तिथं खरकटं आणि तेलकट साय अडते, मग खड्ड्यात. ती जाळी आठवड्याला साफ नाही केली तर खड्डा तुंबतो आणि मग "योजना फेल" म्हणून बोंब. बायकांना बोलवून दाखवा, पुरुष मंडळी फक्त खड्डा मारून हारतुरे घेतात. आणि संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही!! हे तीनदा सांगावं लागतं.

दगडमुरूम
सुगरणताई अगदी बरोबर. फक्त योजनेच्या विहिरीच्या जवळच्या घरांना शोषखड्डा नको, त्यांचं पाणी पाइपनं लांब न्या. आणि ओढा तलावाला मिळतो तिथं एक गाळ बसायचं कुंड आणि पुढं कर्दळ, पाणकणीस लावलेला उथळ पट्टा केला तर उरलंसुरलं पण बऱ्यापैकी अडेल. कर्दळ मात्र कापून बाहेर काढायची, तिथंच कुजली तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात.

माणदेशी
मी आणि दोन पोरं ओढ्यानं वर चालत गेलो, वही घेऊन. एक भारी गोष्ट सापडली. गावातलं आरओचं केंद्र, जिथं पाच रुपयांत जार मिळतो, त्याच्या मागं एक पांढरा पाइप आहे, दिवसभर त्यातनं पाणी गळत असतं. ते त्याच गटारात. म्हणजे विहिरीतलं नायट्रेट मशीननं काढायचं, ज्याच्याकडं पाच रुपये आहेत त्यानं स्वच्छ पाणी प्यायचं आणि काढलेलं नायट्रेट घट्ट करून ओढ्यानं परत विहिरीच्या डोक्यावर सोडायचं. पाइपाखाली दगडावर पांढरा थर बसलाय.

दुसरं म्हणजे वरच्या वाडीतली पोल्ट्री. खताचा ढीग ओढ्याच्या अगदी कडेला, पावसाळ्यात काय होत असेल सांगायला नको. मालक आमच्या भावकीतला. त्यामुळं विषय काढला की वडील म्हणतात गप बस, पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न आहे.

फाटकीनोट
पाच हजारांवर पक्षी असतील तर प्रदूषण मंडळाची संमती लागते त्याला. शिवाय १९७४ च्या पाणी कायद्याचं कलम २४, ओढ्यात किंवा विहिरीत घाण जाऊ द्यायला मनाई आहे. एक अर्ज टाका, नाव न घालता.

झाडीपट्टी
अर्ज टाकला की भांडण, आणि समिती पहिल्याच महिन्यात फुटते. कोंबडीखत विकत घ्यायला लोक येतातच की. ढीग पन्नास पावलं आत घे, खाली प्लास्टिक, वर ताडपत्री, एवढं घरी बसून बोलायचं. नाही ऐकलं तर अर्ज आहेच.

शेतकरी_पुत्र
पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललं. मातीपरीक्षण करून खत टाका हे पण त्याच बैठकीत सांगा, एकट्या पोल्ट्रीवाल्याला उभं करू नका.

कोकणी_माणूस
थोडं अवांतर, समितीला हसणाऱ्यांसाठी. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात एक छोटासा मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी नाव दिलं २०२० मध्ये. त्याच्यासाठी २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली, कलम ३७ खाली, जेमतेम २.११ हेक्टर. झऱ्याच्या पाण्यातल्या बोटभर माशासाठी. म्हणजे त्याच कायद्यातनं काम होतं, कुणी मागं लागलं तर.

फाटकीनोट
मान्य. पण तो मासा शोधणाऱ्यांत ठाकरे आडनाव होतं, हे पण नोंदवहीत लिहा ;)

कोकणी_माणूस
हाहा. मासा खरा आहे ना पण.

माणदेशी
अपडेट. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतला. दगडमुरूम काकांनी सांगितल्याप्रमाणे मे मध्ये नमुने घेतले होते, निकाल मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावले. वरच्या शेतातल्या विहिरीत नायट्रेट होतं पण मर्यादेच्या आत, गावठाणातल्या आडात तिन्ही भयंकर, तलावात नायट्रेट कमी पण जंतू भरपूर, काकांचा अंदाज बरोबर निघाला. आडाचं पाणी अजूनही धुण्याला वापरणारी दहाबारा घरं आहेत, ती एकदम गप्प.

ठराव असे झाले. बंधित म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या निधीतनं पहिलं काम शोषखड्डे आणि ओढ्याच्या तोंडाशी गाळकुंड. योजनेच्या विहिरीजवळच्या घरांचे खोल खड्डे बुजवून दोन उथळ खड्ड्यांचे करायचे, ह्यावर मात्र तासभर भांडण, पैसे कोण देणार म्हणून, शेवटी निम्मे निम्मे. आरओवाल्यानं पाइपचं पाणी टाकी करून संडास धुवायला आणि रस्त्यावर मारायला द्यायचं. पोल्ट्रीवाले स्वतः उठून म्हणाले ढीग हलवतो, बहुतेक झाडीपट्टींचा ताडपत्रीवाला उपाय आमच्या वडिलांनी परस्पर जाऊन सांगितलेला. कारंजं रद्द. पेव्हिंग ब्लॉक रद्द नाही झाले, "पुढील सभेत विचारार्थ" असं लिहिलंय.

आणि समितीत चौथ्या काकू आता अध्यक्ष आहेत. त्यांना ओढ्याकाठच्या सगळ्या रानभाज्या पाठ आहेत, नोंदवहीचं ते प्रकरण त्याच सांगतात आणि पोरगी लिहिते.

सुगरणखोपा
वा! काकूंना नमस्कार सांगा. वाचनखूण साठवली.

रंकाळावाला
"विचारार्थ" म्हणजे आमदारसाहेबांची तारीख मिळेपर्यंत. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली का?

माणदेशी
नाही अजून. ग्रामसेवक तीन गावं बघतो, आमच्याकडं गुरुवारी असतो.

फाटकीनोट
गुरुवारीच घ्या. आणि बारा ठराव असतील तर बाराही पानांचे फोटो काढा, मधलं पान बदलतं.

दगडमुरूम
आणि ऑक्टोबरचे नमुने विसरू नका. जंतूंची बाटली लॅबकडूनच निर्जंतुक करून आणा, घरची नको, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ. मागच्या वेळी आडाच्या बाटलीवर नुसतं "आड" लिहिलं होतंत, गावात तीन आड आहेत म्हणालात ना?